दातांचे जोडधंदे

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात दातांचं काम एका ओळीत आटपलेलं असतं. पटाशीचे दात तोडतात, सुळे फाडतात, दाढा भरडतात. आकृती काढा, नावे द्या, गुण दोन. मराठी घरात वाढलेल्या पोराला हे उत्तर लिहिताना खरं तर शंका यायला हवी. कारण तोपर्यंत त्याने घरात दातांचे जे उद्योग ऐकलेले असतात, त्यांत चावणं कुठेच नसतं. "दात काय काढतोस?" हे वडिलांकडून. "सांगून सांगून दातांच्या कण्या झाल्या" हे आईकडून. "त्याचे दात त्याच्याच घशात घातले असते मी" हे काकांकडून, तेही त्यांचे साहेब ऐकायला नसताना. आणि महिन्याची वीस तारीख उलटली की "दातावर मारायला पैसा नाही" हे सगळ्यांकडून. हसणं, विनवणं, सूड आणि कडकी. दातांचा मूळ धंदा कधीच बसला असावा आणि जोडधंद्यांवर त्यांचं चाललं असावं, असं मराठी नव्याने शिकणाऱ्याला वाटलं तर बिचाऱ्याचं काय चुकलं?

खात्री करायची तर कोश उघडावा. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी संपादित केलेला महाराष्ट्र शब्दकोश १९३२ पासून सात विभागांत निघाला, आणि पुढे याच जोडीने वाक्संप्रदायांचा वेगळा कोशही केला. दात या शब्दापाशी वाक्प्रचारांची जी रांग लागते ती पाहून संपादकांपैकी एक जण आडनावाला जागले, असं म्हणायचा मोह होतो. (दाते मंडळींनी राग मानू नये. दाढ काढायला अमावस्या नको म्हणून दाते पंचांग उघडून बसलेली माणसं मी पाहिलेली आहेत, तेव्हा हा संबंध मी एकट्याने जोडलेला नाही.)

तर या रांगेत चावणारा दात शोधायला गेलं की काय हाती लागतं पाहा. 'दातओठ खाणे' यात खाणं आहे, पण ताटात काय, तर स्वतःचेच दात आणि स्वतःचेच ओठ. 'दात कोरून पोट भरत नाही' यात जेवण आधीच होऊन गेलंय आणि चर्चा उरलेल्या फटीतल्या कणांची आहे. 'दात आंबणे' म्हणजे चिंच-कैरी खाल्ल्यावर खाणं थांबवायला लागणं. 'दाती तृण धरणे' यात गवत दातांत आलं, पण ते चघळायचं नाही, धरून शरण जायचं. मग एकदाची चण्यांची म्हण येते. आता तरी कुरुमकुरुम ऐकू येईल असं वाटतं, तर दात आहेत तेव्हा चणे नाहीत आणि चणे आहेत तेव्हा दात नाहीत! म्हणजे खाण्यावर जी एक सरळ म्हण आहे, तीतसुद्धा शेवटी कोणी काही खाल्लं नाही.

राहिला हत्ती. त्याचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे. सबंध मराठी भाषेत 'खायचे दात' अशी नोंद असलेला हा एकच प्राणी, आणि त्यालाही ते लपवल्याबद्दल आपण पिढ्यान्‌पिढ्या टोमणे मारतो. हत्तीची बाजू कोणी मांडत नाही म्हणून सांगतो. त्याचे बाहेरचे मोठे दात म्हणजे वरचे पटाशीचे दातच. ते मातीत उकरायला, साली सोलायला, भांडायला उपयोगी पडतात. आतल्या दाढा गवत-फांद्या भरडून भरडून झिजतात आणि मागून नव्या पुढे सरकत येतात. असे सहा संच त्याला जन्मात मिळतात. सहावा झिजला की संपलं. दिवसाचे कितीतरी तास चावत राहणाऱ्या, म्हणजे दाताचं पाठ्यपुस्तकातलं काम इमानेइतबारे करणाऱ्या या प्राण्याला आपण ढोंगीपणाचं उदाहरण करून टाकलं. आणि कोणी? ज्यांच्या भाषेत दात कधी काही चावतच नाहीत त्यांनी.

आता कोणी म्हणेल, मराठी माणूस मग खात नाही का? खातो, भरपूर खातो. पैसे खातो, भाव खातो, मार खातो, बोलणी खातो, शेण खातो, ऐन वेळी कच खातो, पाण्यात पडला तर गटांगळ्या खातो, संध्याकाळी टेकडीवर जाऊन हवा खातो आणि घरी येऊन डोकं खातो. या सबंध थाळीत एका पदार्थाला दात लागत नाही. पैसे खाणाऱ्याचं तर दातांवाचून कधीच अडलं नाही. सेवानिवृत्तीच्या उंबरठ्यावर तोंडाचं बोळकं झालेली माणसंही या बाबतीत पचनाची तक्रार करत नाहीत.

दातांच्या जोडधंद्यांत सगळ्यात जुना आणि तेजीतला धंदा हसण्याचा. पण इथे आपली भाषा फार कडक आहे. माणूस हसतो तेव्हा दात दिसणारच, त्याला इलाज नाही. तरी दातांचा उल्लेख झाला की ते हसणं गुन्हा ठरतं. गालात हसणं सभ्य, खुदकन हसणं गोड, खळखळून हसणं निरोगी. दात काढणं मात्र वर्गाबाहेर उभं करण्याच्या लायकीचं. दात विचकणं त्याहून खालचं. त्यात माकडाकडे बोट आहे. बत्तिशी दाखवणं हे या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. त्यातून 'दात काढणे' हे क्रियापद दुहेरी. "तो काय दात काढत होता!" या वाक्यावरून तो टवाळ होता की दंतवैद्य, हे कळायला मार्ग नाही. माझ्या ओळखीचे एक दंतवैद्य यामुळेच कोणी व्यवसाय विचारला की "दातांचा डॉक्टर" एवढंच सांगतात. त्यांच्या आईला ही सोय नव्हती. "मुलगा काय करतो?" असं विचारल्यावर एकदा त्या सरळपणे म्हणाल्या, "दिवसभर दात काढतो." समोरच्या बाई म्हणाल्या, "आमचाही तसलाच आहे. लागेल हो कुठेतरी."

वैर धरण्याच्या कामात मात्र मराठी दाताचं व्याकरण नीट ऐकण्यासारखं आहे. हसायला दात अनेक लागतात, त्वेषाने खायलाही अनेक लागतात. पण डूख धरायला एकच. "साहेबांचा माझ्यावर दात आहे." एकवचन! कुठला दात, ते सांगायची गरज नसते. तो एक दात साहेब बदली होईपर्यंत जपतात. पडत नाही, किडत नाही, हलतसुद्धा नाही. बाकीचे एकतीस रोज त्याच माणसाकडे बघून हसत असतात, "काय, कसं काय?" विचारत असतात. गृहनिर्माण संस्थांमध्ये तर असे दात वारसाहक्काने जातात. वडिलांनी पार्किंगच्या जागेवरून दुसऱ्या मजल्यावर धरलेला दात मुलगा पुढे चालवतो, आणि सर्वसाधारण सभेत सचिवांनी "नवीन खजिनदार कोण होतंय?" असं विचारलं की मग सगळ्या दातांना एकदम दातखीळ बसते. धनुर्वातातल्या दातखिळीवर निदान लस तरी आहे.

लग्न जमवण्याच्या बाजारात दातांचं वेगळंच चालतं. इथे त्यांचं नाव कोणी घेत नाही. "चेहरा हसरा आहे" असं मध्यस्थ सांगतो तेव्हा जाणकारांनी समजायचं की ओठ मिटत नाहीत. "पुढचे जरा मोठे आहेत, पण छान दिसतात" असं मुलाची मावशी म्हणाली तर ते भावंडांबद्दल नाही. शाळेत अशाच दातांच्या पोराला सगळे उघडपणे 'फावड्या' म्हणत असतात. हल्ली आठवी-नववीतल्या निम्म्या पोरांच्या दातांना तारा लागलेल्या दिसतात, त्यामुळे हे नाव नामशेष होत चाललंय. पुढच्या दोन दातांतली फट मात्र अजून नशिबाची मानली जाते. तारा लावणाऱ्या डॉक्टरांपुढे आजी हटून बसतात, "ती फट तेवढी ठेवा."

दातांकडे बघून माल घेण्याचा सरळ व्यवहार पाहायचा तर जनावरांच्या बाजारात जावं. सांगली जिल्ह्यात खरसुंडीला खिलार जनावरांचा बाजार भरतो. तिथे बैलाचं वय कोणी विचारत नाही. ओठ उचलून बघतात. दुधाचेच दात असले तर 'आदत', पक्क्या दातांची पहिली जोडी आली की 'दुसा' किंवा दोनदाती, पुढे 'चौसा', मग सहादाती, आणि साधारण पाचव्या वर्षाच्या सुमारास आठही आले की 'जुळला'. बैलगाड्यांच्या शर्यतीतसुद्धा आदत आणि दुसा असे गट असतात. म्हणजे बैलाचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि ओळखपत्र, सगळं त्याच्या तोंडात. त्याला नक्कल काढायला कुठे खेटे घालावे लागत नाहीत. बघायचे दात फक्त खालचे, कारण गाईबैलांना वरच्या जबड्यात पुढे दातच नसतात, तिथे नुसती टणक हिरडी असते. हे माहीत नसलेला एक शहरी गृहस्थ बैलाचा वरचा ओठ उचलून "अहो, याचे तर सगळे गेलेत!" असं ओरडल्याची हकीकत बाजारात दर वर्षी नव्याने सांगितली जाते. गृहस्थ दर वर्षी निराळ्या शहरातला असतो. अशा हकीकतीला काय म्हणतात हे सांगायला नको. दंतकथाच.

आणि फुकट मिळालेल्या वस्तूला नावं ठेवणाऱ्यासाठी आपली म्हण आहे, 'धर्माची गाय आणि दात का गं नाय?' इथेही गाय काय खाते याची कोणाला पडलेली नाही. दात मोजायचे, एवढंच.

मोजण्यावरून आमच्या शेजारच्या नानांची गोष्ट सांगायला हवी. नाना हिशेब तपासनीस म्हणून निवृत्त झालेले. आकडा चुकलेला त्यांना चालत नाही, मग तो बँकेचा असो की वाण्याचा. त्यांची दाढ दुखायला लागली. आधी घरगुती इलाज झाले. लवंग दाबून धरली (लवंगेत युजेनॉल असतं, ते खरंच थोडा वेळ बधिर करतं), मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या, हिंग झाला. सल्ला द्यायला येणाऱ्या प्रत्येकाने "काढू मात्र नका, दाढेची शीर डोळ्याला जाते" हे सांगितलं. असं काही नसतं हे डॉक्टर कितीही सांगोत, महाराष्ट्रातली निदान निम्मी वयस्कर माणसं आपल्या चष्म्याचा नंबर कुठल्यातरी काढलेल्या दाढेच्या नावावर मांडतात. शेवटी रात्री ठणका डोक्यात गेला तेव्हा नाना दवाखान्यात जाऊन खुर्चीत आडवे झाले. डॉक्टरीणबाईंनी आत डोकावून मदतनिसाला सांगितलं, "लिहून घे. छत्तीस, खोल कीड."

नाना ताडकन उठून बसले. "बाई, मला दात बत्तीस. त्यातले दोन मागेच काढलेले. शिल्लक तीस. छत्तिसावा तुम्ही कुठून आणलात?"

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. दंतवैद्यांच्या जगभरच्या पद्धतीत तोंडाचे चार भाग असतात. पेशंटचा वरचा उजवा एक, वरचा डावा दोन, खालचा डावा तीन, खालचा उजवा चार. प्रत्येक भागात मधल्या दातापासून मागे एक ते आठ मोजायचं. तेव्हा छत्तीस म्हणजे तिसऱ्या भागातला सहावा दात, खालची डावी पहिली मोठी दाढ. नानांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे शेवटचा नंबर अठ्ठेचाळीस?" "हो." "आणि लहान मुलांचं?" "दुधाच्या दातांचे भाग पाच ते आठ. एकावन्नपासून पंच्याऐंशीपर्यंत." नाना थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "माझ्या नातवाला वीस दात आणि नंबर पंच्याऐंशीपर्यंत! असा ताळेबंद माझ्या टेबलावर आला असता तर मी सही केली नसती."

पण छत्तीस हा आकडा काही उगाच पडलेला नाही. तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून बसलेले आपण मराठी शाळेत पाटीवर गिरवले आहेत, आणि ज्या दाढेशी माणसाचा सर्वांत आधी छत्तीसचा आकडा पडतो तीही बहुधा हीच. ही दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास येते. तिच्या जागी आधी कुठला दुधाचा दात पडलेला नसतो, त्यामुळे आईबाप तिला दुधाचीच समजतात आणि "पडेल, दुसरी येईल" म्हणून सोडून देतात. ती पडत नाही. दुसरी येत नाही. नानांचं नि तिचं साठ वर्षांचं वैर त्या गैरसमजातून सुरू झालेलं.

अक्कलदाढेचं प्रकरण याहून नाजूक. वरच्या उजव्या अक्कलदाढेचा नंबर अठरा, आणि मतदानाचं वयही अठरा. (१९८९ पर्यंत ते एकवीस होतं, बऱ्याच जणांची अक्कलदाढ तोपर्यंत आलेली असायची.) नाव एवढं भारदस्त, पण आली की डॉक्टर पहिलं वाक्य बोलतात, "ही काढून टाकू." जागा नाही, आडवी आलीय, पुढच्या दाढेला त्रास देतेय. मराठीत कोणी कोणाची अक्कल काढली की पिढ्यांची भांडणं होतात. इथे माणूस वेळ ठरवून जातो, भूल घेऊन पडून राहतो, अक्कल काढून घेतो आणि वर पैसे देऊन, "धन्यवाद डॉक्टर" असं सुजलेल्या तोंडाने बोलून घरी येतो.

पैशांवरून आठवलं. 'दातावर मारायला पैसा नाही' ही आमच्या आजोबांच्या काळी गरिबीची शेवटची पायरी होती. म्हणजे दातावर मारणं हा सर्वांत किरकोळ खर्च असणार. आज रूट कॅनल, त्यावर कॅप, शेजारी रोपण असा अंदाजपत्रकाचा कागद हातात आला की कळतं, दातावर मारायला पैसा असणं ही श्रीमंतीची पहिली पायरी झालेली आहे. सोन्याचा दात मिरवणारे लोक पूर्वी असत. तो पैसा निदान हसल्यावर चमकायचा. आता त्याच किमतीचा दात अस्सल दाताच्या रंगाचा बसवतात, आणि एवढा खर्च केलाय हे कोणाला दिसत नाही म्हणून तोंडाने सांगत फिरावं लागतं.

दात घासणं हासुद्धा जोडधंदाच म्हणायचा. राखुंडी गेली, कडुनिंबाची काडी गेली, माकडछाप काळ्या पावडरीने रंगलेली बोटं गेली. आता दुकानात जाऊन लोक "एक कोलगेट द्या" म्हणतात, आणि "कुठल्या कंपनीचं?" हा दुकानदाराचा प्रश्न कोणाला चमत्कारिक वाटत नाही. मिसरी मात्र टिकून आहे. तव्यावर तंबाखू भाजून काळी पूड करायची, बोटावर घ्यायची, उंबऱ्यात बसायचं आणि "दात घासतेय" म्हणायचं. अर्धा तास. सकाळी, दुपारी भांडी झाल्यावर, पुन्हा रात्री. जगात दातांच्या स्वच्छतेची इतकी काळजी घेणारा दुसरा समाज नसेल. डॉक्टरांनी तंबाखूबद्दल विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "छे, मी फक्त दात घासते." सवय सोडायची तर आधी तिला खऱ्या नावाने हाक मारावी लागेल, आणि तेच कोणी करत नाही.

मुलांच्या दातांवर तर अख्खं नातेगोतं चालतं. बाळाचे खालचे दोन दात आधी आले तर सगळं ठीक. वरचे आधी आले तर ते मामाला जड! बाळाच्या काकाला, आत्याला, वडिलांना काही होत नाही, आईच्या भावालाच. मग मामाला फोन जातो, मामा काहीतरी घेऊन येतो आणि जड प्रकरण हलकं होतं. कित्येक घरांत मामा वर्षभर फिरकलेला नसतो. त्या घरांतल्या बाळांना वरचे दात आधी येत असावेत असा माझा संशय आहे. पडलेला दुधाचा दात आमच्याकडे शेणाच्या गोळ्यात घालून कौलांवर फेकायचा असे. आता आमच्या इमारतीत शेण नाही आणि कौलंही नाहीत. नातीचा पहिला दात पडला तेव्हा आजोबांनी प्रथा मोडायची नाही म्हणून तो नुसताच गच्चीवर भिरकावला. संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या बाई विचारत आल्या, "वाळवणात हे काय सापडलं?"

आमच्या देवाचंही बघा ना. गणपती एकदंत. दुसरा दात परशुरामाच्या परशूने तुटला म्हणतात. महाभारत लिहिताना त्यानेच मोडून लेखणी केली असंही सांगतात. दुसरी गोष्ट मला पटते, कारण दाताने खाण्यापेक्षा दुसरंच काहीतरी करण्याची आपली परंपरा ती थेट वरपर्यंत नेते. आणि त्याला नैवेद्य काय, तर उकडीचा मोदक. दात असले काय नि नसले काय, जिभेने टाळूला दाबला तरी विरघळतो. पुरणपोळी, श्रीखंड, आमरस, वरणभात. आपल्या सणाच्या ताटात दातांना बसायला पाटच मांडलेला नसतो. अपवाद दिवाळी आणि संक्रांत. कडक बेसनलाडू आणि बिघडलेली तिळाची वडी यांनी आजवर जेवढ्या कॅपा उखडल्या असतील तेवढ्या कुठल्या पैलवानाने उखडल्या नसतील. तिळगूळ घेऊन गोड बोलायचं असतं खरं, पण पुढचा आठवडाभर बोलताच येत नाही.

कवळी आली की मात्र माणूस हत्तीच्या पंक्तीला बसतो. पूर्वी मुंबई-पुण्यात ती बसवायला चिनी दंतवैद्यांकडे जायची पद्धत होती, आमच्या वडिलांच्या मामांनीही तिथूनच बसवून घेतली. अण्णामामा ती लावून बोलत, ती लावून हसत, मुलगी बघायला जाताना आणि मयताला जाताना लावत. त, थ, द, ध, न म्हणायला जीभ दातांना टेकवावी लागते, त्यामुळे कवळीशिवाय त्यांना स्वतःचे 'दात'सुद्धा धड म्हणता येत नसत. जेवताना मात्र त्यांना ती टोचायची.

संगमनेरच्या एका लग्नात ते माझ्या शेजारी पंगतीला बसले. पान वाढून झालं, श्लोक झाला, तो त्यांनीच खणखणीत म्हटला. मग त्यांनी कवळी काढून रुमालात गुंडाळली, बंडीच्या खिशात टाकली आणि मसालेभात, मठ्ठा, जिलबी असं हिरड्यांवर सरसर पुढे काढत सुटले. आम्ही भाजीपाशी असताना ते दुसऱ्या वाढीला पोचलेले. तेवढ्यात फोटोवाला आला. "आजोबा, इकडे बघा! हसा जरा!"

अण्णामामांनी हात वर करून त्याला थांबवलं. तोंडातला घास गिळला, फुलपात्रातल्या पाण्याने चूळ भरली, रुमाल सोडला, कवळी बसवली, जीभ फिरवून चाचपली आणि लखलखीत हसले. फोटो झाला. फोटोवाला म्हणाला, "अजून एक, सेफ्टीसाठी." तोही झाला.

"बस्स?" अण्णामामांनी विचारलं. "आता पुढच्या माणसाकडे जा बाबा. मला जेवायचंय." आणि कवळी परत खिशात ठेवून त्यांनी वाढप्याला जिलबी घेऊन माघारी बोलावलं.